आमची धाकटी मेंदूचे काप करते

आमची धाकटी जाऊ मेंदूचे काप करते. उंदराच्या मेंदूचे. मी कामाला जाते त्या लाँड्रीत पहिल्यांदा हे सांगितलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईने हातातला कोट तसाच खाली ठेवला आणि मला विचारलं, "आणि तुम्ही तिच्या हातचं जेवता?" मी म्हटलं, स्वयंपाकाला ती हात लावेल तर ना! स्वयंपाकघर माझ्याकडे आणि मेंदू तिच्याकडे, अशी आमच्या घरात वाटणी आहे.

आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. कधीकाळी वाटायचा असं नाही, आजही वाटतो, आत्ता बोलतानाही वाटतोय. बाकीच्या बायका "मला तिचं भारी कौतुक हो" म्हणतात आणि आतल्या आत जळतात. मी आपली उघड जळते. त्यामुळे तिच्याकडे मी जितकं बारकाईने बघितलंय तितकं तिच्या नवऱ्यानेही बघितलेलं नाही. तिच्याबद्दल ऐकायचं तर माझ्याकडूनच ऐका.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे पूर्वी बाबांचं दुकान. बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. केसाएवढी स्प्रिंग श्वास न सोडता जागेवर बसवायचे. मग कंपवात आला. आधी उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागली, मग अख्खा हात. दुकान बंद झालं, पण टेबल त्यांनी हलवू दिलं नाही. त्यावर एखादं जुनं घड्याळ उघडून बसायचे आणि नुसते बघत राहायचे.

धाकट्या दिराने तिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा टेबलावर असंच एक बायकी घड्याळ उघडं पडलेलं होतं. बाबांचा धक्का लागून त्यातला एक स्क्रू बाहेर घरंगळला. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा. ही बया आमच्या ह्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती. बोलता बोलताच तिने चिमटा उचलला, स्क्रू उचलला आणि भोकात ठेवून दिला. वाक्यसुद्धा मध्ये तुटलं नाही. बाबा बघतच राहिले.

"हात बघा हात!" ते सगळ्यांना म्हणाले. "असा दुसरा हात मी आयुष्यात बघितला नाही."

पहिला कोणता, ते विचारायला नको. मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सहा कप काठोकाठ भरलेले, एक थेंब बशीत सांडलेला नव्हता. ते कोणाच्या डोळ्यात भरलं नाही.

लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून बाबा मला "सूनबाई" म्हणतात. तिला पहिल्याच दिवशी "पोरी" म्हणाले. आणि तिनेही लगेच "बाबा" म्हटलं, अगदी जिभेवर ठेवल्यासारखं. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले, मावशीकडे वाढली, कोणाला बाबा म्हणायची तिला फार हौस होती, हे सगळं मला नंतर कळलं. कळलं म्हणून जळायचं थांबलं नाही. मला वडील आहेत, पण त्यांनी आयुष्यभर वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. बाबा म्हणायची हौस मलाही होती की!

आता तिचं काम. एकदा तिने बाबांना तिची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. त्यांना धरायला कोणीतरी हवं, म्हणून मीही गेले. बाई बसते ती खोली एवढीशी, थंडगार, खिडकी नाही. मध्ये एक यंत्र, मोठ्या फ्रीजच्या पोटात ब्लेड बसवावं तसं. त्यात तो मेंदू, वाटाण्यापेक्षा जरा मोठा, गोठवून बसवलेला. ती चाक फिरवते, ब्लेडवर एक काप उतरतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो लगेच गुंडाळायला बघतो. मग ती एक कुंचला घेते, त्याचे बहुतेक केस तिने स्वतः उपटून टाकलेले, दोन-चारच ठेवलेले. त्याने त्या कापाचा कोपरा हलकेच दाबते, सरळ करते आणि काचेच्या पट्टीवर उचलते. दिवसभर हेच. काप करायचे असले की सकाळी चहा पीत नाही, हात हलतो म्हणून. बोटं सदाची गार. हिवाळ्यात कातडी फुटते, त्याला मलम लावते, पण कामाच्या दिवशी तेही नाही, काचेला डाग पडतो म्हणून. बोटात अंगठी घालत नाही. एक काप फाटला तर तोंडातल्या तोंडात अशी शिवी देते की मी चाटच पडले. एरवी घरात किती गोड बोलते!

बाबा तासभर उभे होते. एरवी दहा मिनिटांत पाय दुखतात. मी आपली त्यांना काखेत धरून उभी, माझाच खांदा भरून आला.

ते काप कशासाठी, हे तिने जेवताना टेबलावर सांगितलं. मेंदूत दोन प्रकारच्या पेशी. एक चेतापेशी, त्या निरोप पाठवतात, हातपाय हलवतात, सगळा मान त्यांचा. दुसऱ्या आधारपेशी, त्या पहिल्यांना खाऊपिऊ घालतात, कचरा काढतात, जागा सांभाळतात.

"म्हणजे थोरल्या सुना," मी म्हटलं.

आमचे हे हसले. बाबा हसले नाहीत, ते तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, कंपवातात एका ठरावीक जागेच्या चेतापेशी मरतात. मोठ्या माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पण आधारपेशी असतातच, आणि मेंदूला इजा झाली की त्या उलट वाढतात. मग तिच्या प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमचं म्हणणं असं, की ह्या आधारपेशींमध्येच एक निरोप सोडायचा, विषाणूच्या पाठीवर बसवून, की बायांनो, आता तुम्ही चेतापेशी व्हा. मेलेल्यांच्या जागी उभ्या राहा.

"आणि मग सांभाळायचं कोणी?" मी विचारलं.

"पुष्कळ असतात ताई त्या. थोड्या गेल्या तर कळतही नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिला काही कळलं नाही, ती बाबांना पुढचं सांगायला लागली.

माझं काम काय, तेही ऐका. सकाळी लाँड्रीत जाण्याआधी बाबांना पहिली गोळी. ती अंगात भिनेपर्यंत त्यांना पलंगावरून उठता येत नाही. मग तोंड धुणं, बटणं, मोजे. बटणं लावताना ते छताकडे बघतात. दुपारी लाँड्रीतून आले की पुन्हा गोळी, पुन्हा बटणं. सूप असेल तर चमचा माझ्या हातात. ह्याला कोणी "हात बघा हात" म्हणत नाही. माझे हात इस्त्रीवाले, गरम आणि राठ, मनगटावर वाफेचे चट्टे.

तर डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. मेंदूत दोन बारीक तारा सोडायच्या, छातीच्या कातडीखाली एक छोटी बॅटरी ठेवायची, आणि तारांतून हलका करंट. बरा होत नाही रोग, पण हात थांबतो, माणूस स्वतःचा स्वतः जेवू लागतो. अट एकच, वेळेत करायला हवं. गोळ्यांचा उपयोग होतोय, डोकं शाबूत आहे, तोवरच. उशीर झाला तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतात.

बाबा घाबरले. "डोक्याला भोक? मी लोकांच्या घड्याळांनासुद्धा कधी नवं भोक पाडलं नाही!" मी मागे लागले. गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, अबोला धरला. ज्याने हे ऑपरेशन करून घेतलंय अशा एका शिंप्याला शोधून घरी आणलं, त्याने बाबांसमोर सुईत दोरा ओवून दाखवला. किती महिने कानीकपाळी ओरडत होते, माझं मला माहीत. शेवटी एकदाचे "बरं" म्हणाले. तारीख मिळाली. त्या दिवशी मी लाँड्रीत सगळ्यांना पेढे द्यायचीच बाकी होते.

आणि त्याच आठवड्यात धाकटी धावत घरी आली. पायातले बूटही काढले नाहीत.

"बाबा! बघा, बघा!"

तिच्या हातात फोटो होता. काळोखात हिरव्या झगझगीत फांद्या फुटाव्यात तसं काहीतरी. ती बाबांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली. "ह्या सगळ्या आधी आधारपेशी होत्या. आम्ही त्यांना हिरवी खूण केली होती. आता बघा कशा दिसतात. चेतापेशी झाल्यात! मी कापलेत हे काप, बाबा. मी स्वतः बघितलं."

"जिवंत आहेत?"

"जिवंत."

"मेलेल्यांच्या जागी?"

"अगदी त्याच जागी."

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस असा रडला नव्हता. त्यांनी तो फोटो खिडकीपाशी, टेबलाच्या वर लावायला सांगितला. खिळा अर्थातच मी ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजे चढवत होते, तेव्हा म्हणाले, "सूनबाई, डॉक्टरांना कळवून टाका. मला ते भोक नको. पोरीच्या पेशी येतायत."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मोजा तसाच अर्ध्यावर सोडला आणि स्वयंपाकघरात तिला गाठलं.

"हे काय करून ठेवलंस तू? अगं, ते उंदरात आहे ना? माणसात यायला किती वर्षं लागतील?"

"लागतील ताई, खूप लागतील. कदाचित येणारही नाही. मी सांगितलं बाबांना."

"कसं सांगितलंस? हसत हसत सांगितलंस! तू हसलीस की त्यांना पुढचं ऐकू येत नाही!"

मग पुन्हा जाऊन तिने त्यांना समजावलं, खरं सांगायचं तर चांगलं समजावलं, मी दाराआड ऐकत होते. बाबा मान डोलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "होईल गं सगळं, तुझा हात आहे ना त्यात." तिलाही ते आवडलं, मला तिच्या मानेवरून कळलं. माणसाला आवडणारच. मला कोणी म्हटलं असतं तर मीसुद्धा लोण्यासारखी विरघळले असते.

तारीख गेली. पुढचे महिने वाईट गेले. बाबा दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकायचे, पुढे टाकताच यायचे नाहीत. एकदा न्हाणीघरात पडले, कपाळाला टाके पडले. टाके घालून आणल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर टेबलाशी जाऊन तो हिरवा फोटो बघितला. मी डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत ठरवा, त्यानंतर मी हात लावणार नाही. मी घरी येऊन ओरडले, रडले, आमच्या ह्यांना बोलायला लावलं. बाबांचं एकच पालुपद, थोडं थांबू. त्या फोटोला काडी लावावी असं रोज मनात यायचं. फोटोला की फोटो आणणारीला, ते विचारू नका.

मग एक दिवस भरदुपारी धाकटी लाँड्रीत आली. माझ्या कामाच्या जागी ती आजवर कधी फिरकली नव्हती. वाफेत तिला मी आधी ओळखलंच नाही. इस्त्री केलेल्या शर्टांची चळत होती, तिच्या बाजूला स्टुलावर बसली आणि दोन्ही हात त्या गरम शर्टांवर ठेवले.

"घडी मोडेल," मी म्हटलं.

तिने हात उचलले. "ताई, ते खोटं निघालं."

"काय खोटं निघालं?"

"पेशी. नव्या चेतापेशी. तशा काही झाल्याच नव्हत्या."

मी इस्त्री उभी करून ठेवली. ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे पांढऱ्या शर्टांबरोबर चुकून लाल मोजा पडला तर?"

"तर मालकांच्या शिव्या पडतात. शर्ट गुलाबी होतो."

"आम्ही गुलाबी शर्ट बघितला आणि म्हणालो, बघा, मोज्याचा शर्ट झाला."

मला आधी हसूच आलं. मग तिने नीट सांगितलं. हिरवी खूण फक्त आधारपेशींना लागेल, असं सगळे धरून चालले होते. ती लागली शेजारच्या जुन्या चेतापेशींनाही. खूण आणि औषध, म्हणजे तो निरोप, दोन्ही त्यांनी एकदमच दिलं होतं, त्यामुळे हिरवी चेतापेशी दिसली की ती नवीच, असं वाटलं. मॅडमनाच मग शंका आली. त्यांनी प्रयोग पुन्हा करायला लावला, उलट्या क्रमाने. आधी आधारपेशींना कायमची, न सुटणारी खूण करायची, ती पक्की झाली की मगच औषध, आणि मग बघायचं. त्याचेही काप धाकटीनेच केले. कायमची खूण असलेल्या सगळ्या पेशी होत्या तशाच होत्या. आधारपेशीच.

"म्हणजे नवी एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही."

"मग ज्या चमकत होत्या त्या?"

"जुन्याच. मरायच्या वाचल्या होत्या त्या. पहिल्यापासून तिथेच होत्या, ताई. आम्ही त्यांनाच नव्या म्हणून मिरवत होतो."

खरं सांगते, माझ्या मनात उकळ्या फुटल्या. पहिल्यापासून तिथेच होत्या! हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. "असं होय," एवढंच म्हणाले आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली, नाहीतर चेहऱ्यावर दिसलं असतं. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. दोन वर्षांचे काप, म्हणजे तिचे सगळे हिवाळे, पाण्यात गेले होते. मला तिची कीव आली का? आली. पण ती उकळ्यांच्या खाली आली, वर नाही.

"बाबांना तुम्ही सांगाल का?" तिने विचारलं.

"मी? माझं कोण ऐकतंय त्या घरात? फोटो तू आणलास, उतरवही तूच."

"माझ्याच्याने होणार नाही, ताई."

"होईल. तुझा हात आहे ना त्यात."

ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी दाराआड उभी होते, हे तिला तेव्हा कळलं. ती उठली. जाताना चळतीवरचा शर्ट पुन्हा नीट करून गेली.

संध्याकाळी तिने सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात फडकं हातात घेऊन उभी होते, आत जायचं काही कारण नव्हतं आणि बाहेर यायचंही. ह्या वेळी ती हसली नाही. सगळं सरळ सांगितलं, मोज्याचं आणि शर्टाचं तेवढं सोडून. बाबा ऐकत होते. मी वाट बघत होते. कशाची म्हणाल तर, तिच्यावरून त्यांचं मन उडायची. एकदा तरी त्यांनी तिच्याकडे तसं बघावं, जसं बटणं लावताना छताकडे बघतात.

बाबांनी विचारलं, "चुकलं कुठे?"

"क्रमात. आधी खूण पक्की करायला हवी होती, मग औषध."

"घाई."

"हो, बाबा. घाई झाली."

"घड्याळातसुद्धा तेच," ते म्हणाले आणि बराच वेळ फोटोकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "तुला तिथे कोणी बोललं का?"

ती रडायलाच लागली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी. आणि तो माणूस, ज्याची आशा तिने आत्ता पायाखालून काढून घेतली होती, तो तिच्याच डोक्यावरून हात फिरवत बसला. हात थरथरत होता, तिचे केस विस्कटत होते. "जाऊ दे गं पोरी, जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस का." मी फडकं पिळत होते. फडकं कोरडं होतं.

रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, ऑपरेशन करून घ्या ना."

"तू म्हणतेस तर घेतो."

एवढंच! तू म्हणतेस तर घेतो! मी महिनोन्‌महिने जे मागत होते, ज्यासाठी त्या शिंप्याला शोधून आणला होता, डॉक्टरांच्या दारात बसले होते, ते तिने नाक पुसत पुसत एका वाक्यात मिळवलं. मला आनंद झाला. देवाशपथ झाला. आणि त्याच क्षणी तिथलं पातेलं उचलून आपटावंसंही वाटलं. मी आपटलंच. आमचे हे धावत आले.

"काय झालं? तुझ्या मनासारखं झालं ना?"

"झालं! कोणाच्या तोंडून झालं ते बघा आधी!"

"अगं, पण झालं ना?"

पुरुषांना काही सांगण्यात अर्थ नसतो. तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली, "सूनबाई, पोरीला काहीतरी खायला द्या हो, सकाळपासून उपाशी आहे ती." मी दिलं. गरम करून दिलं. तिने संपवलं आणि वर थोडं मागून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं, हात बराच थांबला, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. धाकटीही अजून तिथेच आहे, त्याच थंड खोलीत. मॅडमनी हार मानलेली नाही, आता दुसरा कुठलासा निरोप देऊन बघतायत, फक्त आधी खूण पक्की करून. पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या सकाळचं.

त्या ऑपरेशनला आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद ठेवतात. त्यामुळे सकाळी रोग पुरता मोकळा सुटलेला असतो. बाबांना चाकाच्या पलंगावर तयारीच्या खोलीत नेलं. डोकं भादरायचं होतं, मग त्यावर धातूची चौकट बसवायची होती. नर्स म्हणाली, "एकालाच आत येता येईल. कोण येतंय?" मी पिशवी सरळ धाकटीच्या हातात दिली. उगाच शोभा कशाला करून घ्यायची? तीही पुढे झाली होती. आतून बाबांचा आवाज आला, धड शब्द उमटत नव्हते.

"सूनबाईला पाठवा."

मला वाटलं, मला बोलावून तिलाच बोलवायला सांगतील. आत गेले. पलंगाचे दांडे खडखड वाजत होते, इतकं अंग हलत होतं. दोन्ही हात, हनुवटी, पाय, सगळंच. तोंडातून लाळ गळत होती, ती पुसायला हात जागेवर येत नव्हता. अर्धं डोकं भादरून झालं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा तो माणूस त्यात कुठे दिसतच नव्हता.

"दार उघडं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडं."

"लावा. पोर बघेल."

मी पदरचं काही बोलणार नव्हते, पण राहवलं नाही. "बघू दे की. तिने बघितलं तर काय होईल?"

ते बराच वेळ शब्द जुळवत होते. "तिने मला धड बघितलंय," ते म्हणाले. "तसंच राहू दे."

"आणि मी?"

"तुमच्यापासून काय लपवायचं आता?" त्यांनी डोळे मिटले. "मला भीती वाटतेय हो सूनबाई."

मी त्यांची हनुवटी पुसली. ती लगेच पुन्हा ओली झाली, मी पुन्हा पुसली. माझ्यासमोर छान दिसावं असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं, ह्याचा मला राग आला, अगदी त्या खोलीत, त्या वेळी. तिच्या वाट्याला तो ताठ बसणारा, कौतुक करणारा म्हातारा, आणि माझ्या वाट्याला हा. आणि हा मी कोणालाही दिला नसता, तेही मला त्याच वेळी कळलं. मी म्हटलं, "वाटणारच भीती, बाबा. मी आहे इथेच."

मग दार लावायला गेले. बाहेर धाकटी पिशवी छातीशी धरून, टाचा उंचावून आत बघायचा प्रयत्न करत होती.

"ताई, कसे आहेत? मी एक मिनिट येऊ? नुसतं बघून जाते."

"बरे आहेत," मी म्हटलं, आणि तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. मला फार बरं वाटलं.